डेपोच्या साहेबाने लिहून घेतलेली माझी काळजी

प्रिय धाकट्या,

ओळखलंस का? मी तुझी थोरली बहीण. आठवत नसेल तर बायकोला विचार, माझी बोलणी तिला अजून पाठ असतील. मागच्या पत्राचं उत्तर तू लिहिलंस आणि टाकायला विसरलास, असं धरून चालते. चष्मा कपाळावर ठेवून घरभर चष्मा शोधणाऱ्या चर्चच्या रिटायर पाळकाकडून आणखी काय अपेक्षा ठेवायची? प्रभू तुझे गुडघे शाबूत ठेवो. माझे त्याने नेले, डोकं तेवढं ठेवलंय, आणि त्या डोक्यात सध्या जाळ पेटलाय. (सून लिहून घेतेय. ‘जाळ’ म्हटल्यावर थांबली. लिही गं बाई, सौम्य करू नकोस.)

तुझा भाचा बस चालवतो, एवढं तरी लक्षात असेल. गेले काही महिने डेपोचा साहेब त्याला डबल ड्युटी लावत होता. पोराची झोप उडाली. एकदा मोकळ्या रस्त्यावर त्याने कचकन ब्रेक दाबला. म्हणे मूल आडवं आलं. मूल नव्हतंच. बसमधली माणसं एकमेकांवर आपटली, आणि हा घरी येऊन ताटापुढे रडला, एवढा बाप्या माणूस! उद्या खरंच मूल आलं आणि याला दिसलंच नाही तर?

यावर साहेबाने उपाय काय काढला? रजा? नाव नको! हाच साहेब आपल्या चर्चच्या मंडळीत पंच आहे, हे तुला ठाऊक आहे (नसेलच). त्याने उपासनेनंतर वर्ग ठेवला: ताणतणाव, मेंदू आणि प्रार्थना. म्हणजे आठवडाभर माणसाला पिळायचं आणि रविवारी झटकून वाळत घालायचं, की बाबा आता हलका हो. पोराचा हात धरून मी गेले आणि पहिल्याच बाकावर बसले.

शिकवायला एक डॉक्टरीण आली होती, प्लॅस्टिकचा मेंदू पिशवीत घेऊन. बाई गुणी, तिच्यावर माझा राग नाही. म्हणाली, मेंदूत बदामाएवढा एक भाग असतो, धोका दिसला की तो आधी बोंब ठोकतो. झोप नसली तर धोका नसतानाही ठोकतो. श्वास सावकाश सोडला, शांतपणे प्रार्थना केली, की शरीर निवतं. पटलं मला. भांडी घासताना गीत गुणगुणते तेव्हा मीही निवतेच की. पुढे म्हणाली, काळजीला नाव दिलं की तिचा जोर कमी होतो, तेव्हा प्रत्येकाने आपली काळजी चिठ्ठीवर लिहून क्रुसापाशी टोपलीत टाका. आता मला कुठलं लिहिता येतंय! साहेब गोड हसत आला, “आजी, तुम्ही सांगा, मी लिहितो.”

लिहितोस ना? मग घे. (माझा आवाज मागच्या बाकापर्यंत जातो, हे तू जाणतोस.) म्हटलं, “लिहा. हे प्रभू, ही चिठ्ठी लिहिणारा माणूस हीच माझी काळजी. हा माझ्या पोराला झोपू देत नाही. याच्या डोक्यातला बदाम तपासून बघ, किडका निघेल.”

डॉक्टरणीने मेंदू परत पिशवीत घातला. पोराने तोंड लपवलं. साहेबाने मात्र, खोटं कशाला बोलू, शब्द न् शब्द लिहिला आणि आपल्याच हाताने चिठ्ठी टोपलीत टाकली.

दुसऱ्या दिवसापासून डबल ड्युटी बंद. पोरगा झोपतोय, भिंती हलतील असा घोरतोय. पण त्यानंतर साहेब घरी आला! खाली मान घालून म्हणाला, वरून माझ्याही मानेवर पाय आहे, मलाही झोप नाही, पण चूक माझीच, माफ करा. मी म्हटलं, पाणी प्या. ‘माफ केलं’ एवढं म्हणायला मात्र तोंड उघडेना. माफी मागून माणसाने माझा चांगला धगधगता राग अडचणीत आणला, याचाच आता मला राग आलाय.

घरात सगळ्यांना आशीर्वाद.

तुझी थोरली

ता. क. पत्राचं खरं कारण वेगळंच आहे. प्रभूची प्रार्थना म्हणताना ‘जशी आम्ही दुसऱ्यांना माफी देतो’ या ओळीपाशी मी गप्प होते आणि पुढच्या ओळीला सूर धरते. (सुनेने ओळखलंय. मान हलवतेय बघ कशी.) येत्या रविवारी प्रभुभोजन आहे आणि भाकरीचं ताट घेऊन फिरणारा तोच साहेब. मनात वैर ठेवून ती भाकर मी घेणार नाही, आणि घेतल्याशिवाय मला राहवणार नाही. तू जन्मभर लोकांना माफी शिकवलीस. ये, माझ्या शेजारी बस आणि त्या ओळीपाशी मला कोपराने ढोस.

आणखी एक. तुला यायला जमत नसेल तर लिंबाच्या लोणच्याच्या दोन बरण्या तरी पाठव. एक आमची. दुसरीत मीठ बेताचं घालायला सांग, साहेबाला प्रेशर आहे म्हणे. तिखट मात्र कमी करू नका. तेवढी माफी अजून झालेली नाही.