परसातले आगाप बटाटे आणि माझ्यामागची व्यवस्था

मी, मोनिका कानिफनाथ दिवटे, वय २६, राहणार सुपा, तालुका पारनेर, शुद्धीत असताना आणि कुणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवते. गुरुवारी नगरला माझ्या पोटातल्या गाठीचं ऑपरेशन आहे. डॉक्टर किरकोळ म्हणतात. त्यांनी ते दोनदा का सांगितलं, कळत नाही.

१. घरातला माझा हिस्सा आणि बँकेतली शिल्लक धाकटी बहीण निकिता हिला. वडिलांचं खुरपंही तिलाच. ते चुलतभाऊ ओंकारला उसनं देऊ नये. नेलेली पहार त्यानं अजून आणलेली नाही.

२. वडिलांनी माझ्या नावे केलेला घरामागचा परस निकिताला. मात्र तिथे दरवर्षी आगाप, म्हणजे हंगामाच्या सुरुवातीचे, बटाटे लागावेत. वडिलांची रीत अशी: पाऊस उघडला म्हणून घाई करायची नाही. भर दुपारी वाफ्यात अनवाणी उभं राहायचं. पाय उचलावासा वाटला, तर बेणं सडणार. तळव्याला गारवा लागला की लावणी.

३. गेल्या वर्षी मी कंपनीत असताना चुलती मालनबाई यांनी पोळा होताच माझं बेणं परस्पर लावलं. सगळं सडलं. "तुला मदत म्हनून लावलं गं," असं त्या म्हणाल्या. पण सडकं बेणं उकरून काढलं त्याच आठवड्यात त्यांचा ओंकार तिथे टेम्पोच्या शेडसाठी टेप लावत होता. "न्हाईतरी तिथं काय उगवतंय?" हेही त्याच म्हणाल्या. चूक होती की डाव, मला सिद्ध करता येत नाही, म्हणून आरोप करत नाही. परसात शेड होऊ नये.

४. यंदाचं बेणं माझ्या पलंगाखाली टोपलीत आहे. कुलपात ठेवलं असतं, पण वारा लागला नाही तर ते आतून काळं पडतं. निकितानं खोलीवर लक्ष ठेवावं.

५. मालनबाईंची साक्ष मुद्दाम घेत आहे. ठाऊक नव्हतं, असं पुढे म्हणता येऊ नये.

सह्यांपूर्वीची भर: हे सर्व मी आज दुपारी परसात वाचून दाखवलं. काकू चपला काढून वाफ्यात उतरल्या आणि लगेच पाय उचलला.

"अगं बया, लई पोळतंय! भावजींनी आमाला कधी सांगितलंच न्हाई हे." मग पेन घेत म्हणाल्या, "दसऱ्यानंतर तूच लाव. मी न्हाई हात लावायची."

यात माया किती, मला ठरवता येत नाही. तरी कलम दोनमध्ये जोडते: मी परतले नाही, तर लावणी मालनबाईंनी करावी. अनवाणी. निकितानं शेजारी उभं राहावं.

लिहून ठेवणार: मोनिका कानिफनाथ दिवटे

साक्षीदार: मालनबाई जालिंदर दिवटे (चुलती)
अमृत भीमा पठारे (शेजारी)

सुपा, ९ ऑक्टोबर २०२३