जुनाच पासवर्ड

४ सप्टेंबर, गुरुवार

आज पुन्हा तेच भाषण ठोकलं. पासवर्ड कुणाला सांगू नका, कागदावर लिहू नका, एकच पासवर्ड दहा ठिकाणी लावू नका, स्वतःचं नाव तर मुळीच ठेवू नका. पस्तीस जण माना डोलावत होते. संपल्यावर आवक-जावकवाले काका हळूच जवळ आले – "बाई, माझा पासवर्ड तुम्हीच ठेवा ना तुमच्याकडे. मी विसरतो." धन्य! ऑफिसात मला पासवर्डबाई म्हणतात ते उगाच नाही. दिवसभर बसून लोकांची कुलपं उघडून देते.

आणि घरी? घरच्या मेलचा पासवर्ड चौदा वर्षांचा म्हातारा. घरातल्या चौघांना पाठ. शिवाय आईनं फडताळाच्या दाराला आतून पेन्सिलीनं लिहून ठेवलेला, तो अजून दिसतो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

पण नाही बदलणार. माझ्या धाकट्या भावाला, बारक्याला, तेवढाच माहीत आहे.

७ सप्टेंबर, रविवार

दोन वर्षं झाली आज.

आजारी आईजवळ आम्ही पाळीपाळीनं बसायचो. त्या दुपारी बारक्याची पाळी होती. तिचा डोळा लागला म्हणून तो पाय मोकळे करायला गेला, फोन घरीच राहिला. तासाभरानं आला तेव्हा आई गेलेली होती. बाबा सगळ्यांसमोर म्हणाले, "तू मारलंस तिला." बारक्यानं माझ्याकडे बघितलं. मी दाराशी उभी होते. मी काहीही बोलले नाही. एक शब्द नाही. आठवड्यानं तो एक बॅग घेऊन गेला. फोन बंद, त्याच्या स्वतःच्या मेलवर पाठवलेलं सगळं परत येतं.

म्हणून मी घरच्या खात्यात लिहिते. हे खातं त्यानंच उघडलं होतं, दहावीत असताना. आईच्या नावानं, पण चौघांत मिळून एक. तेव्हा आम्ही दोघं एकमेकांना त्यातच चिठ्ठ्या ठेवायचो. लिहायचं आणि पाठवायचं नाही, मसुद्यांत तसंच राहू द्यायचं. पाठवणार कुणाला, पत्ता तर एकच! 'माझी सायकल घेऊन जाऊ नकोस.' 'बाबा तापलेत, उशिरा ये.' असलं काहीबाही.

दोन वर्षांत माझ्या एकशे सात चिठ्ठ्या झाल्या. उत्तर शून्य.

१० सप्टेंबर, बुधवार

जेवण बाजूला ठेवून आधी हे लिहिते.

ऑफिसात एकीला दाखवत होते – हे बघा, इथे यादी असते, तुमच्या खात्यात कुठल्या यंत्रावरून कोण कधी आत शिरलं त्याची. दाखवता दाखवता मनात आलं, घरच्या खात्याची यादी मी जन्मात कधी उघडलेली नाही! जेवणाच्या सुट्टीत उघडली.

माझा फोन. आणि त्याच्याखाली एक संगणक. तो माझा नाही. दर मंगळवारी, अकराच्या सुमारास. मार्चपासून एकही मंगळवार चुकलेला नाही. गाव – हेच. याच शहरात!

ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन तोंडात पदर कोंबून रडले. तो आहे. जिवंत आहे, इथेच आहे आणि माझं वाचतोय.

११ सप्टेंबर, गुरुवार

बाबांना सांगितलं नाही. सांगायचं तरी काय? या घरात बारक्याचं नाव निघालं की ते उठून गॅलरीत जातात. चाळीस वर्षं रंगाच्या कारखान्यात पाळ्या केल्या, आता सकाळी वाचनालय, दुपारी झोप, संध्याकाळी बातम्या. आमच्यात बोलणं म्हणजे 'मीठ दे' आणि 'दार लाव'. आई होती तेव्हा तीच दोन्हीकडचं बोलायची.

१६ सप्टेंबर, मंगळवार

अकरा वाजून सात मिनिटं. आला!! चाळीस मिनिटं होता.

साहेब समोर उभे राहून त्यांचं खातं का उघडत नाही ते विचारत होते आणि मी टेबलाखाली फोन धरून खुळ्यासारखी हसत होते. त्यांना वाटलं त्यांनाच हसतेय. वाटू दे.

१८ सप्टेंबर, गुरुवार

मंगळवारच का? डोकं चालवलं. मंगळवारी त्याला सुट्टी असणार. मंगळवारी बंद कोण असतं? जुन्या बाजारातली दुकानं. म्हणजे पोरगा कुठल्यातरी दुकानात लागलाय. गणितात नापास होणारा माझा भाऊ गल्ल्यावर बसतो की काय! आईला हसू आवरलं नसतं.

२३ सप्टेंबर, मंगळवार

रजा टाकून जुन्या बाजारात गेले. शटर सगळी खाली. संगणक भाड्यानं देणारी दोन दुकानं तेवढी उघडी सापडली. एकात शाळेची पोरं आणि दुसऱ्यात एक जण पाठमोरा बसलेला. तीच मान, तसेच कानामागे वाढलेले केस. मी जाऊन खांद्यावर हात ठेवला. त्यानं वळून बघितलं – कुणीतरी भलताच. "काय झालं, ताई?" म्हणाला बिचारा.

बाहेर येऊन फोन बघितला. अकरा वाजून पाच मिनिटांनी बारक्या आत आला होता. मी त्याला इथे शोधत होते तेव्हा तो दुसरीकडे कुठेतरी माझं पत्र वाचत होता. पायरीवर बसले थोडा वेळ.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

आज हिय्या करून आईच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. दोन वर्षांत जायचं धाडस झालं नव्हतं. त्यांना सगळं आठवत होतं. म्हणाल्या, "अहो, उशाशी दहा माणसं बसली असती तरी हेच झालं असतं. झोपेतच गेल्या त्या. कुणाला कळलंही नसतं."

घरी येऊन बाबांना सांगायला गेले. "डॉक्टरांकडे गेले होते," एवढंच म्हटलं, तर "तो विषय नको," म्हणाले आणि गॅलरीत. मग सगळं बारक्याला लिहिलं. डॉक्टरीणबाई जे बोलल्या ते शब्दन् शब्द. पुढे लिहिलं – 'तू काही केलं नाहीस. त्या दिवशी मला तोंड उघडता आलं असतं आणि मी उघडलं नाही, ही माझी चूक. बाबांची चूक बाबांची. त्यांना मी माफ केलेलं नाही. रोज त्यांना वाढते, पण माफ नाही केलं. तुझी खोली त्यांनी अडगळीची करून टाकली, तुझ्या कॉटवर रद्दीचे गठ्ठे रचलेत, ते बघून माझा जीव जळतो.'

फार लिहिलं. पण खोटं काही लिहिलं नाही.

३० सप्टेंबर, मंगळवार

बारक्या आज सव्वा तास आत होता. सव्वा तास!

आणि माझ्या शुक्रवारच्या चिठ्ठीवरची वेळ बदलली आहे. आजची, अकरा एकतीस. उघडून बघितली. माझा मजकूर जसाच्या तसा, पण त्याखाली चार ओळी मोकळ्या. मी सोडलेल्या नाहीत. त्यानं लिहायला घेतलं आणि पुसलं. काय लिहिलं असेल? शिव्या दिल्या असतील तरी चालतील मला. एक अक्षर ठेवायचं होतंस रे.

बाबा आज जेवले नाहीत. पोट बिघडलंय म्हणे. बाहेर काहीतरी खाल्लं असणार, या वयात जिभेला आवर नको?

४ ऑक्टोबर, शनिवार

संध्याकाळी घरी आले तर बारक्याची खोली रिकामी. रद्दी गेली, कॉट पुसलेली, खिडकी सताड उघडी. बाबा फडकं पिळत होते. "डास होतात अडगळीत," म्हणाले. दोन वर्षं नव्हते होत वाटतं डास! पण बरं वाटलं. तो आला तर झोपायला जागा तरी आहे.

७ ऑक्टोबर, मंगळवार

अकरा दहा. आला. गेला. काही लिहिलं नाही.

९ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी सातला मावशीचा फोन. रडत होती. "अगं, ताईचा मेल आलाय मला! तिचं नाव दिसलं आणि माझे हातपायच गार पडले." उघडला तर कसलीतरी भिकार जाहिरात, इथे टिचकी मारा आणि बक्षीस मिळवा. आईच्या नावानं! आमच्या यादीतल्या प्रत्येकाला गेलाय. शेजारच्या काकूंना, बाबांच्या कारखान्यातल्या लोकांना, सगळ्यांना.

कुणीतरी शिरलं. यादीत बघितलं, तिसरं यंत्र, कुठल्या कुठे दूरच्या देशातलं. शिरणारच! चौदा वर्षं दार उघडं ठेवलेलं घर. याच गोष्टीवर मी लोकांना दीड तास उपदेश करते. लाज वाटली.

कंपनीची सूचना आली आहे – रविवारच्या आत पासवर्ड बदला, नाहीतर खातं कायमचं बंद.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

बंद झालं तर एकशे सोळा चिठ्ठ्या गेल्या. बदलला तर बारक्या बाहेर. इकडे आड, तिकडे विहीर.

नवा पासवर्ड त्याला कळवू कसा? एकच जागा होती कळवायची आणि तिचंच कुलूप बदलायचंय. मसुद्यात लिहून ठेवावा तर मंगळवारच्या आत तो बघणार नाही. कंपनीला फोन केला, दोन दिवस वाढवून मागितले. "मॅडम, आणखी कोण वापरतं हे खातं?" भाऊ म्हटलं. "मग भावाला सांगा ना." ठेवला फोन.

११ ऑक्टोबर, शनिवार

सुचलं! अंघोळ करताना सुचलं.

या खात्यात खुणेची सोय आहे. पासवर्ड चुकला की तुम्ही ठेवलेली खूण पडद्यावर दिसते. मी भाषणात नेहमी सांगते, खूण ठेवू नका, चोराला आयतं मिळतं. पण ही खूण जगात दोनच माणसांसाठी.

लहानपणी आमच्या न्हाणीघरात नळाच्या वर एक पाल राहायची. बाबांना दिसली असती तर झाडूच घेतला असता, म्हणून आम्ही दोघांनी तिला लपवून पाळली होती. कुणी आत जाणार असलं की आधी एक जण जाऊन तिला हुसकायचा. तिला नाव ठेवलं होतं. बारक्यानंच ठेवलं होतं, चौथीत असताना, आणि ती गेली तेव्हा हा दांडगट पोरगा जेवला नव्हता. ते नाव आईलाही आम्ही कधी सांगितलं नाही.

नाव आणि पुढे त्याचा शाळेतला हजेरी क्रमांक. खुणेत लिहिलं – 'न्हाणीघरातल्या पालीचं नाव, मग तुझा हजेरी क्रमांक.' इथेही ते नाव लिहीत नाही. तो विसरणं शक्य नाही.

बदलला. सगळी यंत्रं एकदम बाहेर पडली. त्याचंही.

१३ ऑक्टोबर, सोमवार

उद्याची रजा टाकली आहे. रात्र कशी जाणार देव जाणे.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

सकाळपासून फोन समोर ठेवून बसले आहे.

अकरा चार – कुणीतरी चुकीचा पासवर्ड दिला, अशी सूचना. तोच संगणक. जुना टाकला असणार, साहजिक आहे. आता खूण दिसेल. दिसली असेल. टाक रे राजा.

अकरा नऊ – पुन्हा चुकीचा.

अकरा वीस – पुन्हा! आता तासाभरासाठी दार बंद.

विसरला? तिच्यासाठी माशा धरून आणायचास तू, डबीत घालून. दोन वर्षांत एवढा लांब गेलास? की मीच गाढवासारखं काहीतरी अवघड करून ठेवलं आणि होता तेवढाही धागा माझ्या हातानं तोडला? आजच्या एवढं मला आई गेली तेव्हाही एकटं वाटलं नव्हतं. लिहायला नको असं, पण वाटलं नव्हतं.

१४ ऑक्टोबर, दुपारी

बाबा वाचनालयातून आले. चपला न काढता तसेच माझ्या खोलीच्या दारात उभे राहिले. भाजीची पिशवी हातातच. माझ्याकडे न बघता म्हणाले, "न्हाणीघरातल्या त्या पालीचं तुम्ही पोरांनी काय नाव ठेवलं होतं गं?"