झरोक्यावरची फळी

२२ सप्टेंबर, सोमवार

आज पहाटे घट बसवण्याआधी मोरीच्या झरोक्यावर फळी मारली. चार खिळे. तिथलं वारं थेट देव्हाऱ्यावर येतं, गेल्या वर्षी अखंड दिवा दोनदा शांत झाला. ('विझला' म्हटलं की आई रागवायची.) आता ज्योत हलतसुद्धा नाही. आई जगदंबे, नऊ दिवस सांभाळ!

२५, गुरुवार

बायको, बेबी, आंघोळ करून आली ती भिंत धरून. डोकं गरगरतंय म्हणाली. नऊ दिवसांचे उपास, वय काय थोडं झालं? म्हटलं, "यंदा सोड."

"वा! माझा उपास सोडा, नि तुमचा दिवा मात्र अखंड!"

हसलो दोघं.

२६, शुक्रवार

मोरीतल्या गॅस गीझरची ज्योत पिवळी दिसली, समईसारखी. खरं लिहितो — बरं वाटलं! शेगड्या दुरुस्त करणारा रघु मजल्यावर आला होता, त्याला सहज दाखवली. त्यानं आधी गीझर बंद केला, मग वर बघितलं.

"काका, ही फळी कोणी मारली?"

"मीच."

"ज्योत निळी पायजे. हवा कमी पडली की पिवळी होते, विषारी वायू होतो. वासपण नाय त्याला. माणूस आंघोळीला जातो तो बाहेर येत नाय! फळी काढल्याशिवाय पेटवू नका."

तो गेल्यावर पक्कड हातात घेतली. समोर दिवा. पक्कड खाली ठेवली. बेबीला एवढंच म्हटलं, दसऱ्यापर्यंत थंड पाणी घे. कारण सांगितलं नाही. सांगितलं असतं तर फळी काढावी लागली असती.

२८, रविवार

दादरहून फुलं घेऊन आलो. मोरीचं दार आतून बंद, नळ चालू. हाका मारल्या. ओ नाही! खांद्यानं कडी तोडली. बेबी भिंतीला टेकून, डोळे अर्धे. गीझर बंद केला, तिला ओढत गॅलरीत आणलं. पुटपुटली, "कंबर धरली होती हो... म्हटलं, एक दिवस गरम पाणी घेऊ."

दवाखान्यात ऑक्सिजन लावला. संध्याकाळी घरी आणली.

दिवा तसाच, संथ. त्याच्याकडे बघवेना.

३०, मंगळवार

रघुनं काल गीझर तपासून दिला. ज्योत निळी. आज बेबी न्हाऊन आली. उपास चालूच आहे — चक्कर नाही.

त्याआधी, कालच, चारही खिळे मी उपटले. पहिल्याच झुळकीला दिवा विझला.

विझला.