घरचं माणूस म्हणून तिचं नाव

१२ जून २००६
गेल्या वर्षी पुण्यात कॉलेजच्या जिन्यात शुगर उतरून कोसळलो नि गौरीने तोंडात साखर कोंबली. त्या दुपारपासून सगळं बदललं. तिच्या बोटांना शाईचा वास होता. सर म्हणाले, नाटकं करतोय. मी उठलो, त्यांची कॉलर... असो. कॉलेज सुटलं. गौ.शीही भांडून चेन्नईला आईबाबांकडे आलो. पुण्याचे डॉक्टर तेवढे सुटले नाहीत. रोज शुगर मोजायची, ब्राउझिंग सेंटरमधून मेल करायची, ते डोस कळवतात.

१५ जून
दोन दिवस मेल केली नाही. सेंटरवाल्याशी वाजलं. "एन्ना तंबी, काय रे पोरा, कीबोर्ड आहे की मृदंग?" म्हणाला. मग मीही...
आज दुपारी घरी फोन. गौ.! डिसेंबरनंतर पहिल्यांदा.
"जिवंत आहेस ना? दवाखान्याची मेल आली मला."
दोन दिवस आकडे गेले नाहीत की घरच्या माणसाला आपोआप मेल जाते. हॉस्टेलवर असताना तिथे तिचंच नाव टाकलेलं. तसंच राहिलंय.
"शुगर पाठव, गाढवा." ठेवला फोन.
गाढवा! दिवसभर तेच ऐकतोय.

२१ जून
पुन्हा दांडी. मुद्दाम. मोजतो, इंजेक्शन घेतो, फक्त पाठवत नाही. आला फोन! कॅन्टीनचा पाणचट चहा, तिची ब्रेक नसलेली सायकल, सगळं निघालं. हसली सुद्धा.
आई आतून, "कोण रे?"
"दवाखाना."

२८ जून
तिसऱ्यांदा. गौ. रडत होती. "व्हायवा सोडून बूथवर धावत आलेय. दर वेळी तू मला जिन्यात पडलेला दिसतोस. खेळ वाटतो तुला? माझं नाव काढ तिथून."
रिसीव्हर आदळला. इंजेक्शन घेतलं, ताट ढकललं. मग घाम, अंधार. शुद्ध आली तेव्हा तोंडात साखर. बोटांना हिंगाचा वास. आई.

२९ जून
सकाळी शुगर ११८. आईने समोर बसून इडल्या खायला लावल्या. सगळं सांगितलं तिला.
"माझं नाव घाल की."
"तुला कुठे मेल वाचता येते?"
"तो सेंटरवाला वाचून दाखवेल. तुझ्यासारखा तापट नाही तो."
नावाला जागा एकच. गौ. पुसली तर फोन कायमचा... आणि नाही पुसली तर?
आई विचारतेय, "खिशात साखर घेतलीस?" घेतली.
वही ठेवतो. चपला घालतो, सेंटरवर जातो. आधी ११८ पाठवतो, मग आईचं नाव घालतो.