एकमताने निवडलेला कोच

बाई, तुम्हाला फुटबॉलमधलं काही कळत नव्हतं. ऑफसाइड म्हणजे काय ते मी तुम्हाला कितीदा समजावलं आणि दर वेळी तुम्ही "बरं बरं, खेळा आता" म्हणून मोकळ्या झालात. शाळेत खेळाचं काम कोणी घेईना, म्हणून ते हिंदी शिकवणाऱ्या तुमच्या गळ्यात पडलं होतं. पण तुम्हाला कळत नाही, हे तरी तुम्हाला कळत होतं. गेल्या महिन्यात देशाच्या महिला संघासाठी नवा कोच निवडायला आम्ही पाच जण बसलो, तेव्हा त्या टेबलाभोवती एवढी अक्कलही मला दिसली नाही.

मी त्या समितीत कशी, असं तुम्ही विचारलं असतं. एक माजी महिला खेळाडू हवी, असा नियम आहे म्हणून. बैठक सुरतेत का, तर अध्यक्ष सुरतेचे म्हणून. मोठे साड्यांचे व्यापारी, कडोदऱ्याला त्यांचे लूम चालतात. कापडातलं त्यांना कळत असेलच. हॉटेलच्या हॉलमध्ये पोचले तेव्हा सुकामेव्याच्या बश्या मांडून झाल्या होत्या आणि अध्यक्ष मला म्हणाले, "आवो बेन, बेसो. तुम्ही आलात म्हणजे शोभा आली." शोभा! बाई, मी देशासाठी खेळताना माझं नाक मोडलंय. ते अजून वाकडं आहे.

पहिला उमेदवार परदेशी. तो पडद्यावर दिसत होता आणि 'प्रक्रिया', 'संस्कृती' असलं खूप काही बोलत होता. आमच्यातल्या एका सद्गृहस्थांनी त्याला विचारलं, तिखट खाता येतं का? एवढा एकच प्रश्न. तो हसून "थोडं थोडं" म्हणाला आणि सगळ्यांनी मान डोलावली, जणू त्याने सामना जिंकून दाखवला. दुसरा पुरुष संघातला जुना खेळाडू. टीव्हीवर दिसतो, केस अजून छान आहेत. आल्या आल्या अध्यक्षांच्या पाया पडला आणि म्हणाला, मुलींना आधी शिस्त लागते, मग आत्मविश्वास. मी विचारलं, आपल्या संघाची गोलकीपर कोण आहे? तो अध्यक्षांकडे वळून हसला. अध्यक्ष म्हणाले, "बेन, नावं तर चार दिवसांत पाठ होतात."

तिसरी कोल्हापूरची. ती माझ्यापेक्षा लहान, पण माझ्या शेवटच्या वर्षांत आम्ही एकत्र खेळलो होतो, आणि तेव्हाही ती मैदानावर बडबड कमी आणि काम जास्त करायची. गेली काही वर्षं ती ज्युनियर मुलींना तयार करतेय. आत्ताच्या संघातल्या निम्म्या मुली तिच्या हातून गेल्यात. तिने प्रत्येक मुलीबद्दल सांगितलं. कोणाचा गुडघा दुखतो, कोण घरी भांडून आलीय, कोणाला डावीकडे खेळवलं तर ती घाबरते. मी ऐकत होते. बाकीचे बदाम खात होते. मग तोच तिखटवाला गृहस्थ पुढे वाकून म्हणाला, "तुम्ही सारख्या दौऱ्यावर असाल, तर घरी मुलांकडे कोण बघतं?" ती म्हणाली, "त्यांचा बाप हाय की." तिथेच तिचं काम संपलं, हे मला त्यांच्या चेहऱ्यांवर दिसलं.

चर्चा? चर्चा कसली. सुंदर केसांचा माणूस आधीच ठरलेला होता. मी माझं म्हणणं मांडलं, जरा जोरातच मांडलं. अध्यक्षांनी हात जोडले, "शांति राखो ने, बेन." आणि आम्ही सगळे पत्रकारांसमोर गेलो. तिथे त्यांनी जाहीर केलं की निवड एकमताने झाली. मी माइक ओढून घेतला आणि म्हणाले, "एकमताने नाही. माझा विरोध आहे. सगळ्यात लायक उमेदवार तुम्ही घरी पाठवलीत." मला वाटलं, आता काहीतरी होईल. अध्यक्ष हसले, "बेन मजाक करे छे." सगळे हसले. एका पत्रकाराने विचारलं, म्हणजे तुम्हाला स्वतःला कोच व्हायचं होतं का? तेवढ्यात जेवण लागल्याचं कोणीतरी सांगितलं आणि माझा विरोध बासुंदीपुरीखाली गडप झाला. दुसऱ्या दिवशी मला समितीतून काढल्याचा निरोप आला. आनंद आहे.

बैठकीच्या दिवशी हॉटेलातून निघाले ती घरी न जाता आपल्या जुन्या वस्तीत, भेस्तानला गेले. तुमची खोली होती तिथे आता तीन मजले झालेत. सरावानंतर, सामन्यानंतर आम्ही पोरी तुमच्या स्वयंपाकघरात दाटीवाटीनं बसायचो. एकदा असंच, तुम्ही ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापताय, आम्ही मिरचीच्या ठेच्यावर तुटून पडलोय, आणि मी एकटी दाराशी तोंड फिरवून बसलेय, कारण तुम्ही मला अर्ध्या सामन्यात बाहेर बसवलंय. तुम्ही तव्यावरून मान न उचलता तुमच्या अहिराणीत विचारता, "काय व्हयनं वं तुले?" मी आणखीनच पाठ वळवते. मग तुम्ही शाळेतल्या मराठीत म्हणता, "रुसायचं असेल तर घरी रूस. इथे जागा कमी आहे." सगळ्या हसल्या. मला तुमचा इतका राग आला होता की मी ती भाकरी खाल्ली नाही. बाई, तुमचा तो निर्णय चुकीचाच होता, हे मी आजही म्हणेन. आपण तो सामना हरलो.

परवा त्या कोल्हापूरवालीचा फोन आला. मला वाटलं, आभार मानायला केला असेल. ती म्हणाली, "ताई, त्यांनी मला सहायक म्हणून बोलावलंय. मी हो म्हटलं." माझं डोकं फिरलं. म्हटलं, त्या माणसाच्या हाताखाली? ज्याला गोलकीपरचं नाव माहीत नाही? तुझ्यासाठी मी भांडले ते यासाठी? जे तोंडाला आलं ते बोलले, लाचार म्हटलं तिला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुम्ही भांडलात, बरं वाटलं. पण ताई, पोरी त्याच हायत. तो फोटोत बसंल, सराव मी घेणार. फुडच्या महिन्यात सामने हायत, त्यांना कुणीतरी शिकवाय नगं?" मागे मैदानावरचा आवाज येत होता, कोणीतरी तिला हाक मारत होतं. ती म्हणाली, "ठेवते," आणि ठेवलाच.

तेव्हापासून मी तिच्यावर चिडलेय, समितीवर चिडलेय, त्या केसांवर तर चिडलेच आहे. घरात कोणाला सांगितलं तर मुलगा गुजरातीत म्हणतो, "जवा दे ने, मम्मी." म्हणून तुम्हाला लिहितेय. तुम्ही आता जिथे आहात तिथे हे पोचवायची सोय नाही, आणि असती तरी मी पाठवलं नसतं. तुम्ही हसला असतात.

एक मात्र तुमच्याजवळ बोलून टाकते. तिचा फोन ठेवल्यावर मला वाटलं हा रागच आहे, पण तो राग नव्हता. तिच्यामागे मैदान होतं आणि माझ्यामागे फ्रिजचा आवाज. मला तिचा हेवा वाटला, बाई.