बरा खेळतो, म्हणालात

सर, तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली आणि एवढ्या वर्षांत मी तुमच्यावरचा राग नीट जपून ठेवलाय. आता त्या रागाचं काय करायचं ते कळेना, म्हणून लिहायला बसलोय. मी दोह्यात असतो. अल सद्दमध्ये दोन खोल्यांचा फ्लॅट, बायको एका दवाखान्यात नोकरीला, मुलगी मराठीत विचारलेल्या प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देते. आलो होतो एका खासगी टेनिस सेंटरमध्ये सामन्यांच्या व्हिडिओचं सॉफ्टवेअर बसवायला. तिथे कुणाच्या तरी लक्षात आलं की या माणसाला खेळातलं कळतं, आणि हळूहळू सॉफ्टवेअर राहिलं बाजूला. आता माझं काम म्हणजे सोळा ते वीस वर्षांची मुलं बघायची आणि यातला कोण पुढे व्यावसायिक टेनिसमध्ये टिकेल ते लिहून द्यायचं. सांगलीकडे आमच्या गावच्या जिमखान्यावर तुम्ही जे बाकावर बसून, पान चघळत करायचात, तेच मी एसी केबिनमध्ये लॅपटॉपवर करतो.

दरवर्षी इथे मोठी स्पर्धा होते. एकोणीस-वीस वर्षांची पोरं येतात, लोक त्यांची पहिली सर्व्हिस बघून हरखतात आणि हा पुढचा एक नंबर, असं सांगत सुटतात. पहिली सर्व्हिस सगळेच जोरात मारतात. बघायची ती दुसरी, आणि तीही गेम हातातून चाललेला असताना. गुण गेल्यावर पोरगा परत जागेवर कसा जातो ते बघायचं. ज्युनिअरमध्ये जगात पहिला आलेला मुलगा बाविसाव्या वर्षी कुठल्या तरी लहान स्पर्धेच्या पात्रता फेरीत अडकलेला मी पाहिलाय, आणि कुणाच्या खिजगणतीत नसलेला एखादा त्याच वयात वर निघालेलाही. हे सगळं तुमचंच. "चेंडूकडे काय बघतोस? पाय बघ त्याचे," असं तुम्ही ओरडायचात. मी पाय बघतो आणि जळतो, सर. त्यांच्या नावाचा, थाटाचा मला हेवा वाटत नाही. मला हेवा वाटतो तो त्यांच्या सतराव्या वर्षाचा. माझं सतरावं वर्ष इंजिनिअरिंगच्या क्लासात गेलं, तेही तुमच्या एका शब्दापायी.

तो रविवार आठवतो का तुम्हाला? मी सोळा वर्षांचा. सकाळी लवकर येऊन लाल मातीवर पाणी मारलंय, रोलर ओढलाय, फक्कीच्या रेघा मारल्यात. बाबा स्कूटरवरून आलेत, इस्त्रीचा शर्ट घालून, आणि बाकावर तुमच्याशेजारी अवघडून बसलेत. राज्य स्पर्धेत मी उपांत्य फेरीपर्यंत गेलोय आणि मला पुण्याला ठेवून टेनिसच खेळू द्यायचं का, यावर घरात आठवडाभर खल चाललाय. मी नेटपाशी चेंडू गोळा करायचं नाटक करतोय. बाबा विचारतात, "सर, स्पष्ट सांगा. पोराचं काही होईल का?" तुम्ही माझ्याकडे बघता आणि म्हणता, "पोरगा बरा आहे. बरा खेळतो." बस्स, एवढंच. घरी आई भाकरी थापत होती. बाबा चप्पल न काढताच स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "सर म्हणतात, बरा आहे. नुसत्या बऱ्यावर कुणी जन्म काढतं का?" आईने भाकरी उलटली. "मग क्लासला नाव घाला त्याचं," ती म्हणाली.

मी तुमच्याकडे यायचं बंद केलं. एकदा बाजारात भेटलात, हातात मासळीची पिशवी होती. "येत जा रे अधूनमधून," म्हणालात. मी "हो सर" म्हणालो आणि आलो नाही. ज्या माणसाने रॅकेट फेकली म्हणून मला भर उन्हात तासभर रोलर ओढायला लावला, आणि ज्याने राज्य स्पर्धेआधी नव्या चेंडूंचा सीलबंद डबा गुपचूप माझ्या पिशवीत टाकला, त्याला ऐन वेळी माझ्यासाठी एक चांगला शब्द सापडू नये? बाकीची पोरं केस झडलेल्या चेंडूंनी खेळायची हो. तसा तुमच्या त्या शब्दाने आमच्या घरात आधीही एकदा गोंधळ घातला होता. आईने तुम्हाला शेंगांच्या पोळ्या पाठवल्या, तर तुम्ही निरोप धाडलात, "बऱ्या झाल्यात." आई पुढे वर्षभर धुसफुसत होती. तिच्या पोळ्यांना बऱ्या म्हणणारा माणूस तिला आयुष्यात पहिल्यांदाच भेटला होता. डबा मात्र तुम्ही त्याच दिवशी रिकामा करून परत पाठवलात, हे ती कुणाला सांगत नसे.

आता त्या मुलाबद्दल सांगतो. सेंटरला यंदा एकच मुलगा घ्यायचा होता. दोन वर्षं प्रशिक्षक, डॉक्टर, स्पर्धांचा प्रवास, सगळं सेंटर बघणार. शेवटी दोघं उरले. एक युरोपातून आलेला, उंच, दणकट. दुसरा सतरा वर्षांचा, काटकुळा, इथल्याच एका शाळेच्या कोर्टावर शिकलेला. त्याचे वडील इंडस्ट्रियल एरियातल्या एका गोदामात स्टोअरकीपर, रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान, म्हणजे तुम्ही मूळचे जिथले, त्याच मुलखातले. दुसऱ्या सामन्यात मला कळून चुकलं, घ्यायचा तर हाच. गेम चार-पाच, गुण तीस-चाळीस, म्हणजे हा गुण गेला की सेट गेला, आणि पहिली सर्व्हिस नेटमध्ये. अशा वेळी भलेभले दुसरी सर्व्हिस घाबरून आत ढकलतात. याने चेंडू दोनदा आपटला आणि सरळ रेषेवर मारली. तो गुण गेला, सेटही गेला, पण पुढच्या गेमला पाय तसेच हलके. आणि मी जळायला लागलो. कारण त्याचा बाप कुंपणाला टेकून उभा होता, अंगात कंपनीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, आणि त्याने कुणालाही काही न विचारता ठरवून टाकलं होतं की आपलं पोर खेळणार. मला ते पाय हवे होते. मला तो बाप हवा होता. चाळिशी उलटलेल्या माणसाने सतरा वर्षांच्या पोरावर इतकं जळावं याची लाज वाटते, पण लाज वाटली म्हणून जळणं थांबत नाही.

त्याच दिवशी मी रिपोर्ट पाठवला. त्यात एकही वाक्य खोटं नव्हतं. खांदे अरुंद, उंच चेंडूवर बॅकहँड कच्चा, अंगात ताकद कमी. फक्त दुसऱ्या सर्व्हिसबद्दल आणि पायांबद्दल काही लिहिलं नाही. शेवटी लिहिलं, 'डिसेंट प्रॉस्पेक्ट', म्हणजे पोरगा बरा आहे. आमच्या धंद्यात हा शब्द फार सोयीचा आहे. कुणाला न दुखावता त्याला दाराबाहेर काढता येतं. दुसऱ्या दिवशी अल अझीझियात, आमच्या सेंटरच्या स्वागतकक्षात, तोच बाप दोन कागदी कपांत करक, म्हणजे इथला दाट दुधाचा चहा घेऊन माझी वाट बघत होता. मला चहा नको होता, तरी घेतला. भिंतीवरच्या पडद्यावर जगातल्या पहिल्या दहांतल्या एका खेळाडूचा सामना चालला होता. बाप म्हणाला, "ह्यो पोर बरा हाय हां, साहेब." मी आधीच वैतागलेला. म्हटलं, "अहो, जगातल्या पहिल्या दहांतला आहे तो. नुसता बरा काय म्हणता?" तो हसायलाच लागला. "तुमी घाटावरची माणसं बरा म्हटला की तोंड वाकडा करता. आमच्याकडं बरा म्हंजे चांगला. एकदम चांगला. त्याच्यावर अजून काय बोलायचा?" मग त्याने घड्याळ बघितलं, "यल्ला, चला साहेब, बस चुकेल," म्हणाला आणि कंपनीच्या बसकडे पळाला.

मी कप हातात धरून तिथेच उभा राहिलो. पोळ्यांचा तो रिकामा डबा आठवला, चेंडूंचा डबा आठवला. सर, तुम्ही तेव्हा कुठला 'बरा' म्हणालात? तीस वर्षं तुम्ही आमच्यात काढलीत. आमच्याकडे बरा म्हणजे बेताचा, चालवून घेण्याजोगा, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं का? की आम्हाला रागावताना तुम्ही आमच्या भाषेत रागवायचात, आणि मनातलं बोलायची वेळ आली की घरचा शब्द तोंडात यायचा? कदाचित मी तुम्हाला खरंच बेताचा वाटलो असेन. तेही होऊ शकतं. बाबांना फोन करावा असं वाटलं, पण ते आता ऐंशीचे आहेत, त्यांना ऐकू कमी येतं, आणि एवढी गोष्ट मोठ्याने ओरडून सांगण्याची नाही. तुमच्या शब्दाचा अर्थ आता कुणीच सांगू शकणार नाही. माझ्या शब्दाचा अर्थ मात्र मला पक्का माहीत होता. दुपारी मॅनेजरकडे गेलो, रिपोर्ट परत मागितला, राहिलेलं सगळं घातलं आणि शेवटी लिहिलं की दोघांतला हाच निवडावा. आधी का नाही लिहिलं, असं त्याने विचारलं. नीट बघितलं नव्हतं, असं सांगून मी सुटलो. चार दिवसांनी त्या पोराची निवड झाली.

आज त्याचा पहिला व्यावसायिक सामना होता, परदेशात, एका लहान स्पर्धेत. आम्ही सगळ्यांनी ऑफिसात बसून बघितला. तिसऱ्या सेटमध्ये त्याने डबल फॉल्ट केला आणि सर्व्हिस गमावली. सगळे हळहळले, मीही चुकचुकलो, आणि टेबलाखाली माझी मूठ आवळली गेली, गुण जिंकलेला खेळाडू आवळतो तशी. अर्ध्या तासात त्याने सामना फिरवला. बापाचा फोन आला, त्याला रडू आवरत नव्हतं. "तुमच्यामुलं झाला, साहेब," म्हणत राहिला, आणि मी मोठ्या माणसासारखं "छे, छे, सगळं त्याचंच" म्हणत राहिलो. घरी आल्यावर जेवण गेलं नाही. बायकोला सांगितलं, पोट बिघडलंय. हे पत्र कुठे टाकायचं नाहीच आहे, म्हणून तुम्हाला तेवढं सांगून ठेवतो, सर: परवा त्याची दुसरी फेरी आहे, आणि तो हरावा असं मला वाटतंय.