माझ्या नरांना कोणीतरी फितवलंय

२ मार्च, सकाळी ९.४०
आजपासून रोज लिहायचं. ही वही लॅबमध्ये ठेवायची नाही. कोण कधी वाचेल सांगता येत नाही.

विषय सोपा आहे. मेंदूत डोपामिन नावाचं रसायन वाढलं की फळमाशीचा नर मादीच्या जास्त मागे लागतो का? एका गटाला साधं अन्न, दुसऱ्याला डोपामिन वाढवणारं औषध घातलेलं. मग एक नर, एक मादी, काचेची डबी, दहा मिनिटं. नर रंगात आला की मागे मागे फिरतो, एक पंख थरथरवून गाणं म्हणतो. आपण स्टॉपवॉच धरायचं. महिनाअखेर सरांना आकडे दाखवायचे. चांगले आले तर प्रोजेक्ट आणि माझी नोकरी आणखी तीन वर्षं. नाही आले तर दोन्ही बंद. येणारच म्हणा.

खबरदारी: रोज प्रयोगाआधी मोजणी. नळीत गॅस सोडला की माश्या गपगार पडतात. मग ब्रशने एकेक उलटी करून बघायची. नर आहेत ना, माझेच आहेत ना.

४ मार्च
औषधवाले बारा नर. गाणं शून्य. साध्या अन्नावरचे बारा. गाणं शून्य. एक जण दहाही मिनिटं पाय पुसत बसला. मादी आपणहून जवळ आली तर हा बाजूला सरकला. अठरा वर्षांत असा नर पाहिला नाही. यात कोणाचा तरी हात आहे.

५ मार्च
संशय ज्युनिअरवर. शेजारच्या टेबलावर बसते, माश्यांच्या झोपेवर काम करते. फार गोड बोलते. आज, काही मदत करू का, म्हणून विचारलं. काही कारण नसताना! माझे नर काढून भलतेच भरत असणार. उद्यापासून मोजणी दोनदा.

९ मार्च, दुपारी १.१५
दोनदा मोजूनही गाणं शून्य. म्हणजे ती दोन मोजण्यांच्या मध्ये येते. आता तीनदा.

ज्युनिअर म्हणाली की गॅस दिल्यावर नरांना निदान एक दिवस तरी निवांत सोडावं, लगेच मादीपुढे उभं करू नये. म्हणजे एक अख्खा दिवस माश्या तिच्या ताब्यात. डाव लक्षात आला. मी फक्त हसलो.

१० मार्च
जेवताना हिला सगळं सांगितलं. ही म्हणाली, लग्न ठरल्यावर तू आमच्या घरी यायचास तेव्हा बाबा दर पाच मिनिटांनी खोलीत डोकवायचे, तेव्हा तुझ्या तोंडून तरी कुठे शब्द फुटायचा? विषय काय, ही बोलते काय! वैज्ञानिक चर्चा घरी करायची नाही. (ठराव.)

१२ मार्च
नामी उपाय. प्रत्येक नराच्या पाठीवर रंगाचा पांढरा ठिपका. साठ नर, चाळीस मिनिटं, अर्थात गॅस चालू ठेवून. आता बदलून दाखव म्हणावं. ठिपके वाळल्यावर लगेच प्रयोग. तीन नर उताणे पडून राहिले. बाकीच्यांनी मादीकडे पाठ केली.

ठिपके सगळे जागेवर. म्हणजे ती माश्या बदलत नाही. मग औषध बदलते.

१६ मार्च
औषधाची बाटली घरी आणली. फ्रिजमध्ये ठेवली. हिने बाहेर काढली. मी पुन्हा ठेवली. अंगात कणकण आहे. हिच्याकडे लक्ष ठेवायला हवं.

१७ मार्च
ताप १०२. सरांचा फोन. औषधाची बाटली शिपायाबरोबर पाठवून द्या, तुमचे प्रयोग ज्युनिअर बघेल. माझ्यासमोर चोराच्या हाती किल्ल्या! ज्युनिअरला फोन करून रोज तीनदा मोजायला बजावलं. हो सर, म्हणाली. आवाजावरूनच कळलं, मोजणार नाही.

२३ मार्च, सकाळी १०.३०
लॅबमध्ये हजर. तिचा तक्ता टेबलावर. औषधवाले वीसपैकी सतरा नर गायले. साध्या अन्नावरचे वीसपैकी नऊ. आकडे बनावट! सरळ सरांकडे गेलो. सरांनी व्हिडिओ लावला. सतरा नर. पाठीवर पांढरे ठिपके. माझ्याच हातचे.

सरांनी विचारलं, प्रयोगाच्या दिवशी तुम्ही गॅस किती वेळा देत होता? म्हटलं, तीनदा. ते चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, तिने आठवडाभरात एकदाही गॅस दिला नाही, नळ्यांपाशी फक्त प्रयोगापुरती गेली. मी म्हटलं, पण सर, सुरक्षिततेचा प्रश्न होता. कोणापासून, असं त्यांनी विचारलं.

३० मार्च, दुपारी ४
निर्णय झाला. प्रोजेक्ट तीन वर्षं चालणार. ज्युनिअर चालवणार. मला काढायचंच ठरलं होतं, पण तिने सरांकडे रदबदली केली म्हणे. हिशोबाला, लिखाणाला अनुभवी माणूस हवा, असं सांगितलं. त्यामुळे नोकरी राहिली. अट एकच आहे. माश्यांच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही.

ती स्वतः सांगायला आली. मान खाली घालून उभी होती. तिच्या चेहऱ्यात डाव शोधला. बराच वेळ शोधला. सापडला नाही. थँक्यू म्हणालो.

मग बाहेरच्या स्क्रीनवर खोलीतला कॅमेरा चालू होता, तो बघत बसलो. एक ठिपकेवाला नर मादीमागे गोल गोल फिरत होता. थांबला. पंख उचलला आणि मनापासून गायला लागला. महिनाभर मी याचीच वाट बघत होतो, आणि हा मी खोलीबाहेर गेल्यावर गायला. फार वाईट वाटलं. पण स्टॉपवॉच लावलं. चार मिनिटं बारा सेकंद.